एकाच माणसाला निरोप

जयश्री बोरसेकडे येणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी जरा चिडूनच परत जातो. तो आलेला असतो जाहिरातीचा मजकूर लिहून घ्यायला, आणि ही बाई त्याला चहा पाजून एकच प्रश्न विचारत बसते, “तुमचा माणूस कोण?” दातांचा डॉक्टर म्हणतो, सगळेच. आर्किटेक्ट म्हणतो, ज्याला घर बांधायचंय तो. सुरतेच्या रिंग रोडवरचा एक करसल्लागार तर छाती पुढे काढून म्हणाला होता, “अरे जयश्रीबेन, पॅनकार्ड असलेला हरेक माणूस आपलाच!” मग जयश्री पेनाला टोपण लावते आणि म्हणते, “सगळ्यांना हाक मारली की कुणीच वळून बघत नाही. एकाला मारा. तो कोण, ते ठरवून या.” माणूस कुरकुरत जिना उतरतो. बहुतेक वेळा दोन-चार दिवसांनी परत चढतो.

त्या करसल्लागाराच्या जुन्या पत्रकावर काय नव्हतं ते विचारा. आयकर, जीएसटी, भाडेकरार, पासपोर्ट, विमा, आणि शेवटी ‘तसेच झेरॉक्स काढून मिळेल’. जयश्रीने ते सगळं खोडलं. मग एक अख्खा दिवस त्याच्या ऑफिसच्या बाकड्यावर जाऊन बसली. ही तिची कामाची रीत. जिथे गिऱ्हाईक बसतं तिथे बसायचं, ते काय पुटपुटतं ते ऐकायचं. तिला दिसलं की झेरॉक्सला येणारे येतात आणि जातात. पण आयुष्यात पहिल्यांदा सरकारी नोटीस आलेला छोटा साडीवाला दारातच घाम पुसत उभा राहतो, त्याला आत यायचंही धैर्य नसतं. तिने त्या एकट्यासाठी लिहिलं, ‘नोटीस आली? तिचा फोटो काढून पाठवा आणि निवांत जेवून घ्या. घाबरायचं की नाही, ते आम्ही संध्याकाळी सांगतो.’ करसल्लागार हसला. त्याला वाटलं, बाईने थट्टाच मांडली. महिन्याभरात त्याला बाकडं बदलून मोठं घ्यावं लागलं.

वकिलांना जाहिरात करायची मुभा नसते, ते सोडले तर उधन्यापासून पार अडाजणपर्यंत अशा व्यवसायवाल्यांची जयश्रीकडे ये-जा असते. मराठी, गुजराती, हिंदी, तिन्हींत ती लिहिते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या चार ओळी, दवाखान्याच्या पाटीवरच्या दोन. कमी लिहिते, पण ज्याच्यासाठी लिहिते त्याच्या काळजाला हात घालते.

बोलण्यात मात्र बाई कच्ची. तिचा आवाज अगदी बारीक, धाग्यासारखा. डी.एड. करून ती उधन्याच्या एका मराठी शाळेत शिकवायला लागली, तर शेवटच्या बाकापर्यंत तिची कविता पोचायची नाही. आवाज चढवला की चिरकायचा, आणि पोरं मागे बसून तस्साच आवाज काढायची. मुख्याध्यापिका चांगल्या होत्या, तरी म्हणायच्याच, “बाई, जरा पोटातून बोला.” पोटातून आवाज काही निघाला नाही. काही वर्षं रेटून तिने शाळा सोडली. ओळखीच्या दंतवैद्याला एक पत्रक लिहून दिलं आणि लोक ते वाचून आले, तेव्हा तिला कळलं की लिहिलं तर आपलंही पोचतं. त्या दिवशी तिला फार बरं वाटलं होतं. घरी येऊन ते सांगावं असं कुणी नव्हतं, एवढंच.

म्हणजे घरात माणूस नव्हतं असं नाही. घरात आबा होते.

आबा, म्हणजे धुडकू बोरसे, तिचे वडील. अमळनेरकडचे, घरातली बोली अहिराणी. मिसरूड फुटायच्या वयात सुरतेला आले आणि कडोदऱ्याच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कारीगर म्हणून लागले ते गुडघे बोलेपर्यंत. आता गॅलरीत खुर्ची टाकून रस्ता बघत बसतात. जयश्री सकाळी चहा समोर ठेवते, आबा मान हलवतात. ती ताट वाढते, आबा जेवतात. टीव्ही ते लावत नाहीत. आजकालची माणसं टीव्हीत नुसती कुजबुजतात, असं त्यांचं मत. दिवसाकाठी बापलेकीत दहा शब्द झाले तर डोक्यावरून पाणी. मध्यंतरी जयश्रीला ताप आला होता, तेव्हा ते दोन दिवस तिच्या उशाशी बसून होते, पण तेही मुक्यानेच.

ते मुळात अबोल असते तरी तिने समजून घेतलं असतं. पण संध्याकाळी खालच्या ओट्यावर मगनकाका येत. मगनकाका म्हणजे आबांचे लूमवरचे जोडीदार, ढोलासारखा आवाज. दोघे गुडघ्याला गुडघा लावून, एकमेकांच्या तोंडाकडे बघत, हात नाचवत तासन्‌तास बोलत. आबांचं हसणं जिन्यावरून वर यायचं. वर स्वयंपाकघरात पोळी लाटताना जयश्रीचा हात थांबायचा. या माणसाकडे बोलायला इतकं आहे, आणि आपल्या वाटणीला त्यातलं काहीच नाही.

याचं कारण तिला ठाऊक होतं, किंवा ठाऊक आहे असं तिने वीसेक वर्षं धरून ठेवलं होतं. त्या कारणाचं नाव योगराज.

आई होती तोवर घरात असं नव्हतं. आई, मालतीबाई, आबांच्या खांद्याला हात लावायची, वळून त्यांच्या समोर जायची आणि मग बोलायची. अर्धं हातांनी, अर्धं तोंडाने. लेकीचं काही असलं तर तेही तीच सांगायची. लहानपणी जयश्रीला वाटायचं, नवऱ्याला असा हात लावून बोलणं ही आईची मायेची सवय आहे. मग आई काविळीने गेली, आणि मधला माणूसच उरला नाही.

त्यानंतरच्या वर्षातली गोष्ट. शाळेत योगराज नावाचे गणिताचे सर होते. भारदस्त आवाजाचा, साधा, बारडोलीकडचा माणूस. मुलं जयश्रीची नक्कल करायची तेव्हा तो वर्गाच्या दारात येऊन नुसता उभा राहायचा आणि वर्ग गप्प व्हायचा. त्याने एकदा सरळ विचारलं, माझ्याशी लग्न कराल का? जयश्रीचा होकार तिच्या तोंडावर लिहिलेला होता, पण ती म्हणाली, आबांना विचारते.

रविवार होता. आबा उंबऱ्यात बसून तुरीच्या शेंगा सोलत होते, पाठ घराकडे. समोर जाऊन असलं काही बोलायची तिची छाती झाली नाही. ती मागे उभी राहिली, हाताला कणीक तशीच, आणि म्हणाली, “आबा, आमनी शाळामां योगराज सर शेतस. त्यास्नी माले इचारं. मी हा म्हनू का?”

आबा शेंगा सोलत राहिले. एक शेंग, दुसरी शेंग. ती थांबली. थांबून थांबून तिच्या हातावरची कणीक वाळली. मग आबांनी टरफलं गोळा केली, उठले, आणि तिच्याकडे न बघता मगनकाकांकडे निघून गेले.

अशा घरांमध्ये मुलींना हे शिकवावं लागत नाही. बाप रागावला तर अजून आशा असते, ओरडला तर चार दिवसांनी निवळतो. पण लग्नाच्या गोष्टीला बाप गप्प राहून उठून गेला, तर तो नकार पक्का. त्यावर दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे बापाची शोभा करणं. जयश्रीने शाळेत जाऊन सांगितलं, आबा नाही म्हणाले. योगराज म्हणाला, “मी येऊन बोलू का त्यांच्याशी?” तिने हात जोडले, म्हणाली, “तुम्हाला माझी शपथ.” तो आला नाही. दोन वर्षांनी त्याचं लग्न झालं, बारडोलीला बदली झाली, आणि तो विषय संपला. पुढे आबांनीच नातेवाइकांकडून स्थळं आणली. फोटो तिच्यापुढे ठेवायचे, ती मान हलवायची, ते फोटो उचलून न्यायचे. तिच्या प्रत्येक नकारात थोडा सूड होता, हे खोटं कशाला सांगा. माझ्या एकाला तुम्ही गप्प राहून घालवलंत, आता तुमच्या सगळ्यांना मी घालवते. असं करत करत ती पंचेचाळिशी ओलांडून गेली, आणि घरात दोन माणसं दोन खोल्यांत एकटी राहायला लागली.

तर हे असं चाललेलं असताना पल्लवी आली. श्रवणतज्ज्ञ, कान तपासणारी. वडील बँकेत, नाशिकहून बदलून आलेले. पोरगी इथेच शिकली आणि उधना तीन रस्त्याजवळ तिने नवं क्लिनिक उघडलं. चेहऱ्यावर उत्साह आणि क्लिनिकमध्ये माश्या.

“ताई, आख्ख्या उधन्यात कारीगर आहेत,” ती कळकळून म्हणाली. “लूमच्या आवाजात राहून सगळ्यांचे कान गेलेत, मला माहितीये. मी स्वतः कारखान्यांच्या दारात उभी राहून पत्रकं वाटली. एक जण आला नाही.”

जयश्रीने पत्रक बघितलं. ‘कमी ऐकू येतं? सर्व वयोगटांसाठी सर्व प्रकारच्या तपासण्या.’

“वाटताना काय म्हणाले लोक?”

“हसले. म्हणे मॅडम, हमको सब सुनाई देता है. मशीनच्या बाहेर आलो की सगळं ऐकू येतं म्हणतात.”

“मग तुमचा माणूस कारीगर नाही,” जयश्री म्हणाली. “कोण आहे, ते बाकड्यावर बसल्याशिवाय कळायचं नाही.”

ती जाऊन बसली. पहिले दोन दिवस बाकड्यावर ती आणि एक मासिक. तिसऱ्या दिवशी एक बाई बिचकत आत आल्या, पदर डोक्यावर, हातात जेवणाचा रिकामा डबा. शोभाबाई त्यांचं नाव. नवरा लूमवर. त्या पल्लवीसमोर बसल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, माझा आवाज तपासून द्या.”

पल्लवी गोंधळली. “आवाज? कान म्हणायचंय का तुम्हाला?”

“कान चांगले आहेत हो. आवाजातच काही खोट असंल माझ्या. मालक दोस्तांशी दारात उभे राहून तास तास बोलतात. सासऱ्याशी बोलतात. मी विचारलं भाजी कोणती करू, तर भिंतीशी बोलल्यासारखं. पोरगी बोलली तरी तेच. मग मी वरडते, तर म्हणतात, वरडते कशाला? आता तुम्हीच सांगा, माझ्या आवाजाला काय झालंय.”

असं म्हणून त्या रडायलाच लागल्या. पल्लवीने त्यांना पाणी दिलं, आणि मग कागदावर एक तिरकी, उतरत जाणारी रेघ काढून समजावलं. लूमच्या खडखडाटाने कान एकदम जात नाहीत. आधी बारीक, उंच आवाज जातात. बायकांचे, लेकरांचे. पुरुषांचे जाडे आवाज शेवटपर्यंत राहतात, आणि तोंडाकडे बघितलं की उरलेलं ओठांवरून कळतं. म्हणून दोस्त ऐकू येतात. म्हणून कारीगराला वाटतं, आपले कान उत्तम आहेत. “तुमच्या आवाजात काही खोट नाही, मावशी. तुम्ही मागून बोललात की तो त्यांच्यापर्यंत जातच नाही.”

बाकड्यावरून जयश्री त्या रेघेकडे बघत राहिली होती. शोभाबाई गेल्यावर तिने विचारलं, तेही जणू कामापुरतं, “हे म्हातारपणीच होत असेल ना?” कारण आबांना आताशा कमी ऐकू येतं हे तिलाही दिसत होतं. पंचाहत्तरीला आलेल्या माणसाचं काय नवल.

“छे, ताई. लूमवर लागल्यापासून दहा-पंधरा वर्षांत. चाळिशीच्या आतच पुष्कळांचं गेलेलं असतं.”

“म्हणजे पन्नाशीतला कारीगर असेल, आणि बाईचा आवाज मुळातच बारीक असेल, आणि ती त्याच्या पाठीमागून बोलली...”

“नाहीच,” पल्लवी सहज म्हणाली. “ओठ हलले हेही त्याला कळणार नाही.”

जयश्रीने तिथेच बसून मजकूर लिहून काढला. इतक्या भरभर तिने आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं.

‘तुमचा माणूस लूमवर काम करतो का? बाहेर दोस्तांशी भरभरून बोलतो आणि घरात तुमच्या बोलण्यावर गप्प बसतो? तो रागावलेला नाही. तुमच्यावरून त्याचं मन उडालेलं नाही. लूम आधी बायकांचा आणि लेकरांचा आवाज घेऊन जाते. त्याला एकदा घेऊन या. आणि आजपासून मागून बोलू नका, समोर जाऊन बोला.’

पल्लवीने दोनदा वाचलं. “ताई, कुणाला डोळ्यांसमोर ठेवलंत?”

“शोभाबाईंना,” जयश्री म्हणाली.

मजकूर मराठीत आणि हिंदीत निघाला. कारखान्यांच्या दारात नाही, तर भिशीच्या बायकांत, साड्यांना टिकल्या लावणाऱ्या बायकांच्या ग्रुपांत. पुढे काय झालं ते पल्लवीच रोज फोन करून सांगायची. बायका नवऱ्यांना हाताला धरून आणत होत्या. एक जण तर म्हणे दारात अडून बसला, मला काही झालं नाही म्हणून. बायकोने तो मजकूर त्याच्या नाकासमोर धरला, तेव्हा वाचून मुकाट आत गेला. “ताई, तुम्ही यायला हवं होतं बघायला!” पल्लवी म्हणायची. जयश्री म्हणायची, हो, येईन. गेली नाही.

आबांनाही नेलं नाही. बाकी सगळ्या उधन्याने तिचं सांगणं मानलं, तेवढी तीच राहिली. रोज सकाळी चहा ठेवताना तिला वाटायचं, आज सांगू, चला आबा. आणि रोज कप ठेवून ती परत फिरायची. तिला भीती वाटत होती, आणि कशाची ते तिला चांगलं कळत होतं. ज्या बापाने आपल्याला नकार दिला त्याच्याबरोबर तिने इतकी वर्षं काढली होती. त्या रागाला टेकून ती उभी होती. पण ज्या बापाला आपण कधी विचारलंच नाही, त्याच्याबरोबर कसं राहायचं? आणि मग योगराज. तो म्हणाला होता, मी येऊन बोलू का. त्याचा आवाज आबांना ऐकू आला असता! नुसता दारात उभा राहून दोन वाक्यं बोलला असता तरी ऐकू आला असता, आणि तिने त्याला शपथ घालून अडवलं होतं. हे आठवलं की ती हातातलं काम टाकून मोरीत जाऊन उभी राहायची, नळ सोडून.

एका रविवारी दुपारी आबा गॅलरीत पाठमोरे बसले होते. रस्ता जरा शांत होता. जयश्री स्वयंपाकघरातून आली आणि त्यांच्या मागे, पूर्वी उभी होती तेवढ्याच अंतरावर उभी राहिली. तिचं काळीज इतकं धडधडत होतं की तिला वाटलं, निदान हे तरी त्यांना ऐकू जाईल. तिने आपल्या नेहमीच्या आवाजात, एकही अक्षर न गाळता, तेच विचारलं. “आबा, आमनी शाळामां योगराज सर शेतस. त्यास्नी माले इचारं. मी हा म्हनू का?”

आबा रस्त्याकडे बघत राहिले. खालून एक टेम्पो गेला. त्यांनी गुडघा चोळला.

न ऐकणारा माणूस आणि ऐकून गप्प बसणारा माणूस, मागून दोघे अगदी सारखे दिसतात. मग तिने पुढे होऊन, आई ठेवायची तसा, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आबा दचकून वळले आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. लेकीने आपणहून हात लावला, याचंच त्या माणसाला केवढं कौतुक.

“काय व माय?”

ती समोर गेली, खाली बसली, आणि ओठ नीट हलवत म्हणाली, “आबा, कान तपासाले जाऊत.”

“चाल,” आबा म्हणाले. काही विचारलं नाही. ती बोलावते आहे एवढंच त्यांना पुरे होतं.

पल्लवीने त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावले. आवाज आला की बोट वर करायचं. जयश्री काचेच्या बाहेर उभी राहून बघत होती. आबा शाळेतल्या पोरासारखे ताठ बसले होते, बोट तयार ठेवून. सुरुवातीला बोट वर गेलं, पुन्हा गेलं. मग पल्लवी बटणं दाबत राहिली आणि बोट मांडीवरच राहिलं. आबा वाट बघत होते, आता आवाज येईल, मग येईल. तो येऊन गेलेला होता.

बाहेर येऊन पल्लवीने कागदावर तीच उतरती रेघ काढली. शोभाबाईंना दाखवली त्यापेक्षा पुष्कळ खोल गेलेली. “आजोबांचं फार जुनं आहे, ताई. निदान तीसेक वर्षांपूर्वीचं. तुम्हाला कधी जाणवलं नाही?” विचारून झाल्यावर तिनेच जीभ चावली. बिचारीच्या मनात तसं काही नव्हतं.

यंत्रं बसवायचा दिवस आला. पल्लवीने दोन्ही कानांत ती बारकी यंत्रं बसवली, फोनवर काहीतरी खालीवर केलं, आणि म्हणाली, “ताई, आता मागे उभ्या राहा आणि काहीतरी बोला.”

सगळ्या सुरतेला काय बोलायचं ते लिहून देणारी बाई. शेवटी ती एवढंच म्हणाली, “आबा.”

आबा वळले. तिच्याकडे बघतच राहिले. मग पल्लवीला विचारल्यासारखं म्हणाले, “हाई मनी पोरना आवाज शे?”

रिक्षात ते दोन्ही हातांनी कान झाकून बसले होते. इतका गोंगाट शहरात असतो हे ते विसरून गेले होते. घरी आल्यावर भांड्याला भांडं लागलं तरी दचकत होते, आणि दचकून हसत होते. नळाचं टपटपणं ऐकायला ते मोरीच्या दारात जाऊन उभे राहिले. जयश्रीने भाकरी थापायला घेतली. आबा भिंतीला टेकून, तिच्याकडे पाठ न करता, स्वयंपाकघरातच खाली बसले. किती वर्षांनी तिथे बसले असतील. थापण्याचा आवाज ऐकत राहिले, आणि मग हळूच बोलायला लागले.

“तुनी माय गयी आन् तू बोलनं सोडी दिधं,” आबा म्हणाले. “माले वाटे, पोर बापवर रागे भरेल शे. कसानी रागे भरेल ते काही समजे ना. मगनले इचारू. तो म्हने, पोरीस्नं असंच राहस.”

जयश्री भाकरी उलटवत होती.

“तुनं लगीन नही झायं. मी फोटो आनू, तू मान हालाडस. मी म्हने, इना मनमां कोन्ही तरी व्हई. आज सांगी, सकाय सांगी. मी वाट दखत राह्यनू. आपन कसं इचारनं? ते बायास्नं काम. तुनी माय ऱ्हाती तं इचारती.” ते थांबले. मग म्हातारपणी माणूस आयुष्याचा हिशेब विचारतो तशा पडलेल्या सुरात म्हणाले, “कोन्ही व्हतं का व माय? असतं तं मी हा म्हनतू. कोन्हीबी असतं तरी मी हा म्हनतू.”

तव्यावरची भाकरी फुगली होती. तिने ती उतरवून टोपल्यात ठेवली. सांगायला सगळं होतं. योगराज, तुरीच्या शेंगा, वाळलेली कणीक, मोरीतला नळ. एका वाक्यात सांगता आलं असतं. तिचं आयुष्यच एका वाक्यात सांगण्यात गेलं होतं. तिने मान वळवून बघितलं. आबा तोंड थोडं उघडं ठेवून तिच्याकडे बघत होते. आज त्यांना ओठ वाचायची गरज नव्हती, तरी सवयीने ते तिच्या ओठांकडेच बघत होते. तिने पुन्हा तव्याकडे तोंड केलं, त्यांच्याकडे पाठ केली, आणि आपल्या त्याच बारीक आवाजात म्हणाली,

“नही आबा. कोन्हीच नही व्हतं.”

प्रत्येक अक्षर त्यांना ऐकू गेलं. त्यांनी मोठा श्वास सोडला, इतका मोठा की तो तिलाही ऐकू आला.

“बरं झायं,” ते म्हणाले. “माले फार धाक व्हता, मनापायी, बापनापायी, तुनं काही राही गयं का.”

मग त्यांनी ताट पुढे ओढलं आणि भाकरी मागितली. जयश्रीने वाढली. जेवताना ते मधूनमधून थांबायचे आणि म्हणायचे, बोल ना काहीतरी, आणि ती काहीतरी बोलायची. त्या दिवशी आबा नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त जेवले.